नेल गन हवा सोडते? गळती शोधा, दुरुस्त करा आणि त्यातूनच धंदा उभा करा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एफ-३० नेल गन टेबलावर पूर्ण उघडून दाखवली. व्हिडिओ लांबला, तरी बरंच सांगायचं राहून गेलं. ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. हा लेख मोबाइलवर उघडा ठेवा, समोर गन घ्या आणि एकेक पायरी करत जा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण ती मला महागात पडली होती.

मंगरूळपीरला दुकान टाकून चार-पाच महिने झाले होते. एक सुतारकाका गन घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, हे गन हवा सोडून रायली. खिळा अर्धाच जाते. पाहा बरं काय झालं तं." मी गन पाइपला लावली. फुसफुस आवाज आला, ट्रिगरजवळ हात नेला तर हवा लागली. झालं! ट्रिगर व्हॉल्व्ह बदलला, ३५० रुपये घेतले. दोन दिवसांनी काका परत आले, तीच तक्रार. मी व्हॉल्व्ह पुन्हा खोलला, ग्रीस लावलं, दिला. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते रागावलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमच्या चकरांत माह्या दोन दिवसांची मजुरी गेली. लग्नाचा दिवाण द्याचा होता."

त्या रात्री दुकानाचं शटर ओढून, पंखा बंद करून मी गन पुन्हा लावली. शांततेत नीट ऐकलं. हवा ट्रिगरमधून येतच नव्हती. ती वरच्या एक्झॉस्टमधून येत होती. एक्झॉस्टचं तोंड कोणीतरी मागे हँडलकडे फिरवलं होतं, म्हणून हवा ट्रिगरजवळच्या हाताला लागत होती. आत हेड व्हॉल्व्हची एक ओ-रिंग कापली गेली होती. दहा-पंधरा रुपयांची वस्तू! दुसऱ्या दिवशी काकांना गन दिली, ३५० रुपयेही परत दिले. तरी पुढचे सात-आठ महिने ते दुकानाकडे फिरकले नाहीत.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात एक नियम आहे. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय एकही स्क्रू खोलायचा नाही. हवा नेमकी कुठून येते? आणि ती ट्रिगर सोडलेला असताना येते की दाबल्यावर? आजचा सगळा लेख या दोन प्रश्नांवरच उभा आहे.

गळतीने नुकसान किती होतं?

बरेच कारागीर म्हणतात, "थोडीशी हवा जाते, जाऊ द्या ना, हवा काय फुकटच आहे." मित्रांनो, हवा फुकट असते. दाबलेली हवा फुकट नसते. ती तुमच्या मीटरवरची वीज असते.

एक अंदाज देतो. पाइपमध्ये ७ बार म्हणजे साधारण १०० पीएसआय प्रेशर असेल आणि गळतीचं भोक फक्त १ मिमीचं असेल, तर मिनिटाला सुमारे ७० लिटर हवा बाहेर जाते. छोट्या कॉम्प्रेसरसाठी हे खूप झालं. म्हणूनच तो सारखा चालू होतो, तापतो, आणि ऐन कामात प्रेशर पडतं.

कारखान्यांत ऊर्जा तपासणी करणारे लोक गळती मोजायला एक साधं सूत्र वापरतात. आपल्या देशाच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तकांतही ते आहे. त्याला महागडं मीटर लागत नाही, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं.

१. कॉम्प्रेसर चालू ठेवा, पण कोणीही हवा वापरायची नाही.
२. टाकी भरून कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला की वेळ मोजायला सुरू करा. तो पुन्हा चालू होईपर्यंतचा वेळ म्हणजे "बंद वेळ".
३. चालू झाल्यापासून पुन्हा बंद होईपर्यंतचा वेळ म्हणजे "चालू वेळ".
४. असं तीन-चार वेळा करा आणि सरासरी काढा.
५. चालू वेळ भागिले (चालू वेळ + बंद वेळ), गुणिले १००. ही झाली गळतीची टक्केवारी.

आता माझी युक्ती. ही चाचणी दोनदा करा. आधी गन काढून, मग त्याच पाइपला गन लावून. दोन्हीतला फरक म्हणजे एकट्या गनची गळती.

उदाहरण घेऊ. गन काढलेली असताना कॉम्प्रेसर १ मिनिट १२ सेकंद चालतो आणि २३ मिनिटं बंद राहतो. म्हणजे गळती ५ टक्के. गन लावल्यावर तो दीड मिनिट चालतो आणि साडेचार मिनिटं बंद राहतो. दीड भागिले सहा, म्हणजे २५ टक्के. गनची गळती झाली २० टक्के.

कॉम्प्रेसर २ एचपीचा, म्हणजे साधारण दीड किलोवॉटचा धरा. दिवसाला आठ तास लाइन चालू असेल तर २० टक्के म्हणजे १.६ तास तो निव्वळ गळती भरायला चालतो. दिवसाला सुमारे २.४ युनिट, २५ दिवसांत ६० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर महिन्याला ६०० रुपये. तुमचा दर तुमच्या बिलावर बघून घ्या.

ग्राहकासमोर हा हिशोब कागदावर मांडा. २०० रुपयांची दुरुस्ती त्याला महाग वाटणार नाही.

गन आतून कशी चालते?

हे समजलं की गळती शोधणं सोपं जातं. पार्टची नावं पाठ करायची गरज नाही, हवेचा रस्ता लक्षात ठेवा.

पाइपमधून आलेली हवा आधी हँडलच्या पोकळीत भरते. तिथून ती दोन ठिकाणी जाऊन थांबते. एक, सिलेंडरच्या भोवती. दोन, ट्रिगर व्हॉल्व्हमधून वर, हेड व्हॉल्व्हच्या डोक्यावर. हेड व्हॉल्व्ह म्हणजे सिलेंडरच्या तोंडावर बसलेलं झाकण समजा. वरून हवेचा दाब आणि स्प्रिंग, त्यामुळे हे झाकण घट्ट बंद राहतं. सिलेंडरच्या आत त्या वेळी दाब नसतो. तिथली वाट एक्झॉस्टकडे उघडी असते.

तुम्ही ट्रिगर दाबता तेव्हा ट्रिगर व्हॉल्व्ह झाकणाच्या वरची हवा बाहेर सोडून देतो. वरचा दाब गेला की झाकण खालच्या हवेने झटकन वर उडतं. भोवतीची सगळी हवा सिलेंडरमध्ये घुसते, पिस्टन खाली आदळतो, त्याला जोडलेली पत्ती खिळा मारते. खाली रबरी बंपर असतो, तो पिस्टनचा धक्का सोसतो.

पिस्टन खाली जाताना थोडी हवा सिलेंडरच्या भोकांमधून बाजूच्या एका कप्प्यात साठते. ट्रिगर सोडला की झाकण बंद होतं, पिस्टनच्या वरची हवा एक्झॉस्टमधून निघून जाते आणि कप्प्यातली साठलेली हवा पिस्टनला परत वर ढकलते.

एवढंच! म्हणजे आत चारच पहारेकरी आहेत: ट्रिगर व्हॉल्व्ह, हेड व्हॉल्व्ह, पिस्टन आणि बंपर-सिलेंडरचे सील. प्रत्येकाजवळ रबराची एखादी तरी रिंग आहे. कोणता पहारेकरी झोपला ते हवा स्वतःच सांगते.

उघडण्याआधी: जीव सांभाळा

हा भाग कोणी गाळू नका. माझ्याकडे शिकायला आलेला एक मुलगा पाइप लावलेला असताना अडकलेली पिन स्क्रू ड्रायव्हरने काढत होता. ट्रिगर व्हॉल्व्ह खराब होता, गन आपोआप सुटली. पिन त्याच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर टेबलात घुसली. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

* आधी पाइप काढा, मग मॅगझिनमधल्या पिना काढा. त्यानंतर गनचं नाक लाकडाच्या तुकड्यावर टेकवून ट्रिगर दाबा, उरलीसुरली हवा जाऊ द्या.
* गनला लावलेला निपल साधा, आरपार भोक असलेला हवा. काही जण गनच्या बाजूला आपोआप बंद होणारा कपलर लावतात. मग पाइप काढला तरी गनमध्ये हवा कोंडून राहते आणि ती एक खिळा मारू शकते. आपोआप बंद होणारा कपलर नेहमी पाइपच्या बाजूला.
* चष्मा लावा. काम पाच मिनिटांचं असलं तरी.
* चाचणी घेताना नाकासमोर हात, पाय, माणूस, काहीही नको. चाचणी पिना न भरता घ्या.
* गनवर लिहिलेल्या प्रेशरच्या वर जाऊ नका. ब्रॅड मारणाऱ्या बहुतेक छोट्या गनना ७० ते १०० पीएसआयमध्ये काम भागतं.
* कॉम्प्रेसर नाही म्हणून ऑक्सिजनचं किंवा दुसऱ्या कुठल्याही गॅसचं सिलेंडर गनला कधीच लावू नका. आत तेल, ग्रीस असतं, स्फोट होतो.

दोन प्रश्नांची परीक्षा

एका बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घ्या. ब्रशने लावा आणि बुडबुडे बघा. सायकलच्या ट्यूबसारखी गन बादलीत बुडवू नका. आत पाणी गेलं तर गंज चढतो.

एक्झॉस्टचं तोंड फिरत असेल तर ते आधी हँडलच्या उलट दिशेला फिरवून घ्या, नाहीतर माझ्यासारखी फसगत होते. मग ट्रिगर सोडलेला असताना ऐका, आणि नंतर नाक लाकडावर टेकवून ट्रिगर दाबून धरा आणि पुन्हा ऐका.

१. निपलजवळ बुडबुडे: आटे सैल झालेत किंवा टेफ्लॉन टेप गेलाय. जुना टेप पूर्ण काढा, नवा टेप आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे गुंडाळा. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे तुकडे आत जाणार नाहीत.

२. वरच्या कॅपच्या सांध्यातून: बहुतेक वेळा बोल्ट सैल झालेले असतात, कारण गन दिवसभर हादरे खाते. बोल्ट आवळून थांबलं तर उत्तम. नाही थांबलं तर गॅस्केट किंवा कॅपची ओ-रिंग बदला.

३. ट्रिगरजवळ, ट्रिगर सोडलेला असताना: ट्रिगर व्हॉल्व्हच्या दांड्याची खालची रिंग गेली किंवा तिथे कचरा अडकलाय.

४. ट्रिगरजवळ, फक्त दाबल्यावर: त्याच व्हॉल्व्हची वरची रिंग. इथे एक लक्षात ठेवा: दाबल्याबरोबर एकदा "फस्स" होणं बरोबर आहे, ती झाकणावरची हवा आहे. सतत "सूंऽऽ" चालू राहिलं तर गळती.

५. एक्झॉस्टमधून, ट्रिगर सोडलेला असताना: हेड व्हॉल्व्ह. एकतर त्याची ओ-रिंग कापली आहे, नाहीतर सिलेंडरच्या तोंडावर बसणारं सील झिजलंय. काकांच्या गनचा आजार हाच.

६. एक्झॉस्टमधून, दाबून धरल्यावर: तेही हेड व्हॉल्व्हच, पण एक्झॉस्टची वाट बंद करणारं वरचं सील.

७. नाकातून, ट्रिगर सोडलेला असताना: सिलेंडरच्या बाहेरच्या बाजूची खालची ओ-रिंग. हँडलमधली हवा साठवणीच्या कप्प्यात आणि तिथून नाकात येते.

८. नाकातून, दाबून धरल्यावर: बंपर फाटला असेल किंवा पिस्टनची रिंग झिजली असेल.

९. गळती ऐकू येत नाही, पण पत्ती परत वर जात नाही: पिस्टनची रिंग, बंपर, किंवा कप्प्याच्या भोकांवरची रबरी पट्टी. आत सगळं कोरडं पडलं असेल तरीही असं होतं.

हा तक्ता लिहून टेबलासमोर चिकटवा. माझ्या भिंतीवर आजही आहे.

आधी तेल, मग पाना

गन बरेच दिवस पडून राहिली असेल तर रिंग कोरड्या पडतात आणि हवा सोडतात. अशा वेळी निपलमध्ये एअर टूल ऑइलचे तीन-चार थेंब टाका, पाइप लावा आणि लाकडाच्या तुकड्यावर पाच-सात वेळा चालवा. पुष्कळदा गळती इथेच थांबते. थांबली तर ग्राहकाला खरं सांगा, "काका, काही बदललं नाही, फक्त तेल टाकलं." पैसे कमी मिळतात, पण हा माणूस पुढच्या वेळी दुसरीकडे जात नाही.

गनवर किंवा तिच्या माहितीपत्रकात तेल टाकू नका असं लिहिलं असेल तर टाकू नका. काही गन बिनतेलाच्या असतात.

दुरुस्ती: पायरीपायरीने

हेड व्हॉल्व्हचं उदाहरण घेऊ, बाकी कामं याच पद्धतीने होतात.

१. टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा पसरा. स्प्रिंग किंवा रिंग पडली तर दिसली पाहिजे.
२. गन उघडण्याआधी आणि प्रत्येक पार्ट काढताना मोबाइलवर फोटो काढा. कोणती बाजू वर होती हे नंतर आठवत नाही.
३. कॅपचे बोल्ट एलन कीने थोडेथोडे, समोरासमोरचे असे सैल करा. आत स्प्रिंग असते, कॅप हाताने दाबून धरा.
४. हेड व्हॉल्व्ह सरळ वर ओढा. अडकला तर पक्कडीने ओरबाडू नका. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ओरखडा पडला तर नवी रिंगही हवा सोडेल.
५. जुनी रिंग प्लास्टिकच्या किंवा पितळी हुकने काढा, टोकदार सुईने नाही.
६. खाच कापडाने पुसा. जुनं ग्रीस, लाकडाचा भुसा, प्लायची धूळ, सगळं निघालं पाहिजे. बोटाने खाच चाचपा, धार लागते का बघा. धार असेल तर नवी रिंगही कापली जाईल. आधी बारीक पॉलिश पेपरने ती मोडा.
७. नवी रिंग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून बसवा. बसवल्यावर ती पिळलेली नाही ना, हे गोल फिरवून पाहा.
८. उलट्या क्रमाने जोडा. बोल्ट चौकडीत म्हणजे आधी एक, मग समोरचा, असे आवळा. फार ताकद लावू नका, या बॉडीचे आटे लवकर जातात.
९. आधी ४०-५० पीएसआयला लावा, ऐका. कमी प्रेशरला एक्झॉस्ट किंचित गळला तर घाबरू नका, काही गनचं झाकण पुरेसा दाब आल्यावरच नीट बसतं. मग कामाच्या प्रेशरला न्या, साबणाचं पाणी लावा, दोन्ही प्रश्न पुन्हा विचारा.
१०. शेवटी पिना भरून, सुतार वापरतो तशाच प्लायवर वीस-पंचवीस पिना मारा. प्रत्येक पिनेचं डोकं सारखं खोल बसलं पाहिजे.

ओ-रिंग निवडताना

इथे नवीन मुलं सगळ्यात जास्त चुकतात. दिसायला सारखी म्हणून कोणतीही रिंग चालत नाही. दोन मापं बघायची: आतला व्यास आणि रिंगच्या दोरीची जाडी. डिजिटल व्हर्नियर घ्या. जुनी रिंग चपटी झालेली असते, तिच्या जाडीवर विसंबू नका. खाचेची रुंदी आणि खोलीही मोजा. बाजारात १.८, २.६५, ३.५५ मिमी अशा ठरलेल्या जाड्या मिळतात. नवी रिंग खाचेत किंचित ताणून बसावी, सैल लोंबू नये.

रबर नायट्राइलचं घ्या. याला तेल चालतं. कडकपणा ७० किंवा ९० शोर असा लिहिलेला असतो. मूळ रिंग जशी होती तशीच घ्या. नळाचा वायसर कापून बसवणं, रिंगवर फेव्हिक्विक लावणं, दोरा गुंडाळणं, हे सगळे जुगाड मी पाहिलेत. ते आठवडाभर टिकतात आणि गन कायमची खराब करतात.

हे करू नका

* रॉकेल किंवा पेट्रोलने गन धुवू नका. रबर फुगतं आणि आत आगीचा धोका राहतो.
* गंज काढायचा स्प्रे तेल म्हणून वापरू नका. तो आतलं ग्रीस धुऊन काढतो.
* गाडीचं इंजिन ऑइल टाकू नका. त्यातली रसायनं सीलला चालत नाहीत.
* गनच्या नाकावर सेफ्टी असेल तर ती तारेने बांधून देऊ नका, ग्राहकाने कितीही सांगितलं तरी. अशी गन दुरुस्तीला आली तर तार आधी सोडा.

पुन्हा गळू नये म्हणून

गन देताना ग्राहकाला तीन गोष्टी सांगतो. पहिली, कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज संध्याकाळी काढा. पावसाळ्यात तर नक्कीच. टाकीतलं पाणी आणि गंज गनमध्ये जातो आणि रिंग खातो. दुसरी, रोज काम सुरू करण्याआधी तेलाचे दोन थेंब. तिसरी, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना गन टिनाच्या शेडखाली किंवा गाडीच्या डिकीत टाकू नका. रबर कडक होतं. शक्य असेल त्याने लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा.

आता धंद्याचं बोलू

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात याला गिऱ्हाईक कोण? फर्निचरवाले सुतार, सोफा बनवणारे, पीओपी आणि सीलिंगची कामं करणारे. सुतारांकडे एफ-३०, सोफ्यावाल्यांकडे स्टेपल गन, भिंतीत खिळे मारणाऱ्यांकडे एसटी-६४. आतली रचना थोड्याफार फरकाने हीच. इथलं काम बंद पडलं की गन अकोल्याला पाठवायची, म्हणजे जाणं-येणं आणि दोन-तीन दिवस. मानोरा, कारंजा, शेलूबाजारकडच्या कारागिरांचीही हीच गत. तुम्ही त्याच दिवशी दिली तर तो तुमचा.

लागणारं सामान: एलन कीचा सेट, डिजिटल व्हर्नियर, रिंग काढायचे हुक, सर्क्लिप पक्कड, पिन पंच, छोटी रबरी हातोडी, टेफ्लॉन टेप, सिलिकॉन ग्रीस, एअर टूल ऑइल, नायट्राइल ओ-रिंगचा मिश्र डबा आणि चाचणीसाठी छोटा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर सोडला तर बाकी सामान काही हजारांत होतं. कॉम्प्रेसर आधीच असलेल्या दुकानाला, उदाहरणार्थ पंक्चर किंवा हार्डवेअरवाल्याला, हा जोडधंदा फार सोपा आहे.

दर कसा लावायचा? रिंगची किंमत दहा-वीस रुपये. मग २०० रुपये कशाचे? शोधण्याचे, तपासण्याचे आणि जबाबदारीचे. माझी पद्धत अशी: तपासणी ५० रुपये, दुरुस्ती केली तर त्यात वजा. नुसतं तेल-सफाई १००. एका ठिकाणची गळती २००. पूर्ण खोलून सगळ्या रिंग बदलल्या तर ३५० ते ४५०, सामान धरून. तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पण दर भिंतीवर लिहून लावा.

चार सवयी लावून घ्या:

* जॉब कार्ड करा. तारीख, गनचा मॉडेल नंबर, आधीची गळती कुठे, काय बदललं, नंतरची चाचणी. वही चालेल.
* काढलेली जुनी रिंग छोट्या पाकिटात घालून ग्राहकाला द्या. बोलण्यापेक्षा ती जास्त सांगते.
* त्याच ठिकाणच्या गळतीची ३० दिवसांची हमी द्या. नीट तपासलंत तर क्वचितच परत येते.
* एक चालती जुनी गन दुकानात ठेवा. ज्याचं काम अडलंय त्याला दिवसभरासाठी द्या. काकांचा दिवाण अडला तेव्हा माझ्याकडे अशी गन असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

कधी नाही म्हणायचं? बॉडीला तडा गेला असेल, सिलेंडरला खोल ओरखडे असतील, किंवा पार्टचा खर्च नव्या गनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर स्पष्ट सांगा, "दुरुस्त करण्यात फायदा नाही." साध्या एफ-३० गन बाजारात दीड-दोन हजारांपासून मिळतात. त्यावर हजाराची दुरुस्ती लादली तर ग्राहकाला एक दिवस कळतंच.

भांडवल आणि योजना: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहेत, गन दुरुस्ती नाही. म्हणून ती तुमच्यासाठी नाही, तुमच्या ग्राहकांसाठी आहे. त्यात टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. तुमच्या सुतार ग्राहकांना हे सांगा. तुम्हाला स्वतःला सुरुवातीला मुद्रा योजनेचा शिशु गट, म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज, पुरेल. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. बाकी मार्गदर्शनाला वाशिमचं जिल्हा उद्योग केंद्र आहेच.

पण कर्जाच्या आधी हात तयार करा. भंगारातून एखादी बंद गन आणा. दहा वेळा खोला, दहा वेळा जोडा. मुद्दाम एक रिंग काढून ठेवा आणि आवाज कुठून येतो ते ऐका. मग दुसरी काढा. आठवडाभरात तुमचे कान तयार होतात.

काकांचं शेवटी काय झालं, असं व्हिडिओ बघणारे विचारतात. सात-आठ महिन्यांनी त्यांचा पुतण्या स्टेपल गन घेऊन आला. म्हणाला, "काकानं सांगतलं, तो पोरगा चुकला होता पण पैसे वापस देल्ले त्यानं. त्याच्याकडंच जाय." मी गन हातात घेतली, पंखा बंद केला आणि आधी ऐकलं.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्याकडे जा. गन लावून आणि काढून, स्टॉपवॉचने गळतीची चाचणी करा. टक्केवारी आणि महिन्याचा खर्च कागदावर लिहून त्याला दाखवा. दुरुस्तीचं काही बोलू नका, फक्त कागद द्या. पुढचं बोलणं तोच सुरू करेल.

पुढच्या भागात छोट्या कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घेऊ, कारण गन नीट केली तरी काही ठिकाणी प्रेशर पडतच राहतं. तोपर्यंत शिकत राहा, हात चालवत राहा.

भेटू, मंगरूळपीरहून!